शंभर डीआयडी नंबर, तीस चॅनेल: भोसरी कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

सध्याची स्थिती. आठ साध्या लाईन एकाच हंटिंग ग्रुपमध्ये (एक लाईन व्यस्त असली की कॉल पुढच्या मोकळ्या लाईनवर), त्यामुळे बाहेर एकच नंबर माहीत. ईपीएबीएक्सवर, म्हणजे कारखान्याच्या आतल्या फोन एक्सचेंजवर, ८५ एक्स्टेन्शन. बाहेरून आलेला प्रत्येक कॉल आधी रिसेप्शनवर आणि तिथून पुढे. सकाळी अकरा ते बारा ही वेळ सर्वांत वाईट: पुरवठादार, गाड्यांचे चालक, ग्राहक, सगळे एकाच दारात. ज्या ग्राहकाला डिस्पॅचशी दोन वाक्ये बोलायची आहेत त्याने होल्डचे संगीत ऐकत बसावे, हे बंद करायचे आहे.

उपाय डीआयडी, म्हणजे प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट फिरवता येणारा स्वतःचा नंबर. बैठकीत सर्वांचा एकच प्रश्न होता: शंभर नंबर म्हणजे शंभर लाईन का? नाही. नंबर आणि लाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा कंपनीचे एक्सचेंज कॉल देताना बाहेरच्या माणसाने कोणता नंबर फिरवला ते अंक आपल्या ईपीएबीएक्सला कळवते. ईपीएबीएक्स ते अंक आपल्या तक्त्यात शोधतो आणि तो फोन वाजवतो. एका वेळी किती बोलणी चालतील हे चॅनेलवर ठरते. शंभर खोल्यांच्या इमारतीला तीस जिने पुरतात, कारण सगळे एकदम उतरत नाहीत. म्हणून नंबर टेबले मोजून घ्यायचे आणि चॅनेल गर्दीचा तास मोजून.

आताच्या आठ लाईनवर हे जमणार नाही. साध्या लाईनवर कॉल येतो तेव्हा फक्त रिंगचा व्होल्टेज येतो. फिरवलेले अंक सेवा कंपनीच्या एक्सचेंजमध्येच संपलेले असतात.

गर्दीचे गणित. ईपीएबीएक्सच्या कॉल नोंदींतून गेल्या महिन्याचे आकडे काढले. सर्वांत भरलेल्या तासात येणारे-जाणारे मिळून १२० कॉल, सरासरी ३ मिनिटांचे. १२० गुणिले ३ भागिले ६० म्हणजे ६ अर्लांग, म्हणजेच त्या तासात सरासरी एका वेळी ६ बोलणी चालू. इथे एक फसगत आहे. ईपीएबीएक्स फक्त लागलेले कॉल मोजतो, एंगेज टोन ऐकून परत गेलेले त्याला दिसतच नाहीत. आठ लाईनवर ६ अर्लांग प्रत्यक्ष वाहत असतील, तर अर्लांग बी सूत्राने (मागणी आणि लाईन यांवरून किती कॉल नाकारले जातील ते सांगणारे) खरी मागणी सुमारे ७.६ निघते. म्हणजे त्या तासात साधारण पाचातला एक कॉल लागतच नाही. ६ धरून चॅनेल मागितले असते तर १३ पुरेसे वाटले असते. ७.६ धरले आणि शंभरात एखादाच कॉल नाकारला जावा असे ठरवले, तर १५ लागतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

बाहेरची जोडणी पीआरआय (एका दुव्यावर ३० बोलणी) की सिप ट्रंक (बोलणे डेटाच्या पॅकेटांतून), हा आजचा निर्णय.

पीआरआय म्हणजे ई-वन दुवा: २.०४८ मेगाबिट प्रति सेकंद, ३२ कप्पे. शून्याव्या कप्प्यात जुळवणीचे बिट, सोळाव्यात सिग्नलिंग, उरलेल्या ३० मध्ये प्रत्येकी ६४ किलोबिटचे बोलणे. नंबराचे अंक त्या सोळाव्या कप्प्यातून, म्हणजे डी-चॅनेलवरून, क्यू.९३१ या सिग्नलिंग पद्धतीच्या सेटअप संदेशात (कॉल सुरू करणाऱ्या संदेशात) येतात.

सिप ट्रंकवर हेच अंक इन्व्हाइट या कॉल सुरू करणाऱ्या संदेशात येतात. तिथे चॅनेल हवे तेवढे मागता येतात, आपल्याला १५ पुरले असते. जी.७११ कोडेकवर (आवाजाचे बिट करण्याची पद्धत) २० मिलिसेकंदांच्या पॅकेटने एका बोलण्याला इथरनेटवर प्रत्येक दिशेला सेकंदाला ८७.२ किलोबिट लागतात. पंधरा बोलण्यांना सुमारे १.३ मेगाबिट. बँडविड्थची अडचण नाही. अडचण ही की आपला ईपीएबीएक्स जुन्या पद्धतीचा आहे. त्यात पीआरआय कार्डाचा स्लॉट मोकळा आहे, पण सिपसाठी वेगळा गेटवे घ्यावा लागेल. गेटवे म्हणजे आणखी एक यंत्र, आणखी एक वीजजोड आणि अंक बदलू शकणारी आणखी एक जागा.

निर्णय: पीआरआय, १०० डीआयडीसह. ३० चॅनेल गरजेच्या दुप्पट आहेत. एक टक्का नकारावर ते २०.३ अर्लांग पेलतात, म्हणजे नवे शेड उभे राहिले तरी चालेल.

खरेदी विभागासाठी, ठळक अक्षरांत वाचावे असे: भारतात मोबाइल नंबर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाईनचा नेता येत नाही. उद्या स्वस्त दर मिळाला म्हणून सेवा कंपनी बदलली तर शंभरच्या शंभर नंबर बदलतील. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, निविदांवरचे नंबर, मालाच्या खोक्यांवरचे स्टिकर, सगळे. त्यामुळे दरपत्रकात मासिक भाड्यापेक्षा वजन द्यायचे ते दुरुस्तीला किती तासांत माणूस येतो याला.

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

नंबरांचा ब्लॉक. सेवा कंपनीने दोन पर्याय दिले. पहिल्याचे शेवटचे चार अंक ५००० ते ५०९९, दुसऱ्याचे ९१३७ ते ९२३६. पहिला घेतला.

दुसरा नाकारण्याची कारणे दोन. शंभराचा ब्लॉक ०० पासून ९९ पर्यंत सरळ असला की तक्त्यात एकच नियम पुरतो: शेवटचे चार अंक तेच एक्स्टेन्शन. ३७ पासून सुरू झाला की दोन नियम लिहावे लागतात, आणि पुढे कोणीतरी त्यातला एकच बदलतो. दुसरे, ईपीएबीएक्समध्ये ९ फिरवला की रिसेप्शन वाजते. ९१३७ हे एक्स्टेन्शन केले तर यंत्राला पहिल्या अंकावर कळणारच नाही की माणसाला रिसेप्शन हवे आहे की पुढचे तीन अंक यायचे आहेत. ० ने बाहेरची लाईन मिळते. १ ला हात लावायचा नाही, कारण १००, १०१, १०८, ११२. आपल्याकडे ५ मोकळा होता.

वाटप असे ठरले. ५००० रिसेप्शन, म्हणजे पायलट (अख्ख्या ब्लॉकचा मुख्य) नंबर. ५००१ ते ५००९ विभागांचे सामाईक: डिस्पॅच, खरेदी, खाते, सेवा विभाग. ५०१० ते ५०७९ टेबलांचे. ५०८० सुरक्षा गेट, ५०८१ प्रथमोपचार, ५०८२ फॅक्स, ५०८३ ते ५०८९ मोकळे. ५०९० ते ५०९८ राखीव. ५०९९ चाचणीसाठी, कायमचा.

शॉप फ्लोअर, कँटीन आणि मालवाहू लिफ्टचे फोन जुन्या तीन अंकी एक्स्टेन्शनवरच राहतील, त्यांना डीआयडी नाही. यंत्रासमोर उभ्या माणसाचा फोन बाहेरच्या कोणीही थेट वाजवावा, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने चुकीचे आहे.

नंबर पदाला, माणसाला नाही. खरेदीप्रमुख बदलले तरी ५०२१ खरेदीप्रमुखांच्याच टेबलावर. पदच रद्द झाले तर तो नंबर तीन महिने रिसेप्शनकडे वळवायचा आणि मगच दुसऱ्याला द्यायचा, नाहीतर नव्या माणसाचे पहिले आठवडे "ते इथे नसतात" हे सांगण्यात जातात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

अर्ज आणि कागदपत्रे दिली. सोबत सेवा कंपनीच्या तांत्रिक विभागाला लेखी प्रश्न पाठवले. हे तोंडी विचारले की उत्तर "सगळं स्टँडर्ड आहे" असेच येते.

येणाऱ्या कॉलवर किती अंक देणार: शेवटचे चार, आठ की एसटीडी कोडसह दहा? अंक एकाच संदेशात येणार की तुकड्यातुकड्याने? जाणाऱ्या कॉलवर आमचा नंबर किती अंकी अपेक्षित आहे, आणि ब्लॉकबाहेरचा नंबर आला तर तुम्ही तो बदलता की कॉलच नाकारता? सीआरसी-फोर (दुव्यावरच्या त्रुटी तपासण्याची सोय) चालू की बंद? तुमचे एक्सचेंज चॅनेल १ कडून भरत येते की ३० कडून? दुवा तुटल्यावर पायलट नंबर दुसरीकडे वळवता येतो का, आणि इतर ९९ चे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. पायलट वळवला म्हणजे डीआयडी वळले असे होत नाही. ते प्रत्येक नंबरासाठी किंवा अख्ख्या ब्लॉकसाठी सेवा कंपनीच्या बाजूने वेगळे करावे लागते.

सोमवार, ३ मार्च २०२५

फायबर आली, मक्स (फायबरवरून ई-वन काढून देणारे सेवा कंपनीचे यंत्र) बसला, पीआरआय कार्ड स्लॉटमध्ये गेले. मक्सपासून कार्डापर्यंतची केबल १२० ओहमची, आरजे-४५ वर. ई-वनला पिन १-२ ची जोडी एका दिशेची आणि ४-५ ची दुसऱ्या दिशेची. संगणकाच्या नेटवर्कची साधी केबल एका दिशेला १-२ आणि दुसऱ्या दिशेला ३-६ वापरते, त्यामुळे नेटवर्कची क्रॉस केबल इथे चालत नाही. ई-वनची क्रॉस म्हणजे १-२ ची जोडी समोर ४-५ वर. सरळ हवी की क्रॉस, हे मक्सच्या पोर्टवर अवलंबून.

दिव्यांवरून दोष ओळखायची रीत कार्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. सिग्नलच नाही असा अलार्म असेल तर आपल्याकडे काही पोचत नाही: केबल, पिन किंवा बंद मक्स. दूरच्या टोकाचा अलार्म असेल तर आपल्याला त्यांचे नीट मिळते, पण त्यांना आपले मिळत नाही, म्हणून आपल्या पाठवण्याची जोडी तपासायची. सगळे बिट एक येत असतील तर मक्सपर्यंत ठीक आहे आणि बिघाड त्याच्या पलीकडे. या तिसऱ्या अलार्मला केबल बदलत बसण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवायची.

मक्सचा प्लग भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये लावला होता. तो ईपीएबीएक्सच्या यूपीएसवर हलवला. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि लाईनच्या देखभालीसाठी वीजही बहुधा तेव्हाच जाते. ईपीएबीएक्स बॅटरीवर चालू, मक्स बंद, असे झाले की आतले सगळे फोन चालतात, बाहेरचा एकही येत नाही, आणि आत कोणाला पत्ताही लागत नाही.

बुधवार, ५ मार्च २०२५

दुवा वर आला, डी-चॅनेल चालू. पण त्रुटींचा मीटर सरकत होता.

कारण घड्याळ. ई-वनवर दोन्ही टोकांनी एकाच घड्याळावर चालायला हवे, आणि ते घड्याळ सेवा कंपनीचे. कार्ड आले तेव्हा अंतर्गत घड्याळावर होते. दोन घड्याळांत दहा लाखांत दहा एवढाच फरक असला तरी १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम दर साडेबारा सेकंदांनी निसटते. बोलताना ते एखाद्या टिचकीसारखे ऐकू येते, आणि लोक बोलत राहतात. फॅक्स मात्र पान अर्धवट टाकतो. "बोलणे होते, फॅक्स जात नाही" ही तक्रार आली की पहिले घड्याळ पाहायचे. कार्ड नेटवर्कच्या घड्याळावर टाकले, मीटर थांबला.

सीआरसी-फोर त्यांनी चालू सांगितले होते आणि ते तसेच निघाले. एचडीबी-थ्री, म्हणजे तारेवर बिट पाठवण्याची पद्धत, दोन्हीकडे.

चॅनेल भरण्याची दिशा: त्यांचे एक्सचेंज १ कडून भरते, म्हणून आपण ३० कडून. दोघेही एकाच टोकाकडून भरू लागले तर गर्दीत दोघे एकाच क्षणी एकच चॅनेल धरतात आणि एक कॉल पडतो. नोंदीत कारण ४४ दिसते, मागितलेला चॅनेल उपलब्ध नाही.

सोमवार, १० मार्च २०२५

पहिले डीआयडी कॉल. ५०९९ वर मोबाइलवरून कॉल केला, तर "हा नंबर अस्तित्वात नाही". दुवा चांगला, चॅनेल मोकळे, तरीही.

ट्रेस, म्हणजे कॉलच्या संदेशांची नोंद, लावला. सेटअप संदेशात आठ अंक येत होते, तक्ता चार अंकांचा. ईपीएबीएक्सने आठ अंकी नंबर शोधला, मिळाला नाही, आणि कारण १ देऊन कॉल परत केला. लेखी उत्तरात "चार अंक" होते. डीआयडीचा सर्वांत नेहमीचा दोष हाच: किती अंक येतात यावर दोन टोकांचे एकमत नसणे.

दुरुस्ती करताना पहिले चार अंक तोडा असा नियम लिहायचा नाही. सेवा कंपनीकडे सॉफ्टवेअर बदलले किंवा कॉल वेगळ्या वाटेने आला की नंबर राष्ट्रीय रूपात येऊ शकतो, म्हणजे २० आणि पुढे आठ, एकूण दहा. मग पहिले चार तोडले तर सहा उरतात. नियम उजवीकडून लिहायचा: शेवटचे चार ठेवा, बाकी सोडा. चार आले, आठ आले, दहा आले, तरी चालते.

दुसरी पाहणी. फोन वाजायला दहा-बारा सेकंद लागत होते. ईपीएबीएक्स अंक तुकड्यांनी येतील असे धरून शेवटच्या अंकानंतर टायमर संपेपर्यंत थांबत होता. अंक एकदम घेण्याची पद्धत निवडली, लगेच वाजू लागला.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. ५०९३ कोणालाच दिलेला नाही. त्यावर मुद्दाम कॉल केला आणि चॅनेलचा पडदा पाहत बसलो. काही सेकंदांत सगळे ३० चॅनेल लाल.

घडते असे. येणारा ५०९३ आत कुठे सापडत नाही. ईपीएबीएक्समध्ये "आत न सापडलेला नंबर बाहेर पाठवा" असा मूळ नियम असतो, म्हणून कॉल त्याच पीआरआयवरून बाहेर जातो. सेवा कंपनीचे एक्सचेंज पाहते की हा नंबर तर याच ग्राहकाचा, आणि परत आपल्याकडे पाठवते. प्रत्येक फेरीला दोन चॅनेल, पंधरा फेऱ्यांत दुवा भरतो. बाहेरच्या एका चुकीच्या कॉलने अख्खा कारखाना एंगेज.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. येणाऱ्या ट्रंकच्या वर्गाला बाहेर कॉल करण्याचा अधिकार शून्य. शिवाय ५०००–५०९९ मधला जो नंबर तक्त्यात नाही तो रिसेप्शनवर, रात्री ध्वनिमुद्रित सूचनेवर. नंतर ५०८३ ते ५०८९ आणि ५०९० ते ५०९८ सगळे नंबर फिरवून पाहिले, रिसेप्शनच वाजले.

बुधवार, १२ मार्च २०२५

जाणारे कॉल. प्रत्येक टेबलावरून गेलेल्या कॉलवर समोर त्या टेबलाचा नंबर दिसायला हवा. तो दिसला की माणूस परत त्याच टेबलावर फोन करतो, आणि डीआयडीचा निम्मा फायदा इथेच आहे.

५०३४ वरून कॉल केला, समोर ५००० दिसला. ईपीएबीएक्स फक्त चार अंक पाठवत होता. सेवा कंपनी येणारा नंबर तपासते. तो दिलेल्या ब्लॉकमधला पूर्ण नंबर नसेल तर पायलट लावते, काही ठिकाणी कारण २१ देऊन कॉलच नाकारते. पूर्ण आठ अंक पाठवायला लावले, प्रत्येक टेबलाचा नंबर दिसू लागला. डीआयडी नसलेल्या तीन अंकी एक्स्टेन्शनवरून ५०००.

याला एकच अपवाद. ११२, १००, १०१, १०८ वर गेलेल्या प्रत्येक कॉलवर ५०८० पाठवायचा, सुरक्षा गेटचा. रात्री शॉप फ्लोअरवरून कोणी ११२ फिरवला, फोन तुटला, आणि तिथून परत फोन आला तर तो बंद रिसेप्शनवर वाजत राहता कामा नये. गेटवर चोवीस तास माणूस असतो. हे नंबर बाहेरच्या लाईनचा ० लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लागले पाहिजेत. घाबरलेला माणूस ० आठवत नाही.

मोबाइलला फिरवायचा ०. लँडलाईनवरून मोबाइलला आधी ० लावणे १५ जानेवारी २०२१ पासून देशभर सक्तीचे आहे. आपल्याकडे बाहेरच्या लाईनला एक आणि मोबाइलला एक, असे दोनदा ० होतात. ईपीएबीएक्सने दहा अंकी नंबर पाहून स्वतःच ० लावावा अशी मागणी होती. केले नाही. ६ आणि ७ ने मोबाइलही सुरू होतात आणि पुण्यातले आठ अंकी लँडलाईनही. आठव्या अंकानंतर आणखी दोन यायचे आहेत का हे यंत्राला थांबूनच कळते, आणि मग प्रत्येक स्थानिक कॉल काही सेकंद उशिरा लागतो. फोनवर छोटी पट्टी चिकटवली: "मोबाइल: ० ० आणि नंबर".

विक्री विभागाला लेखी सूचना. प्रचाराचे कॉल या नंबरांवरून करायचे नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांत प्रचाराच्या कॉलसाठी नोंदणी आणि १४० ची वेगळी मालिका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवा कंपन्यांना असा आदेश दिला की नोंदणी नसलेला ग्राहक पीआरआय किंवा सिपवरून प्रचाराचे कॉल करताना आढळला तर त्याची सगळी जोडणी तोडावी आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे. एका टेबलाच्या उत्साहाने शंभर नंबर जातील.

शनिवार, १५ मार्च २०२५

एमडीएफवरचे (सगळ्या फोनच्या तारा एकत्र येतात त्या चौकटीवरचे) काम. धुळवडीच्या सुट्टीनंतर माणसे कमी, त्यामुळे क्रोनवर (चौकटीवरच्या तारा जोडायच्या पट्ट्यांवर) जम्पर, म्हणजे जोडतारा, बदलायला निवांत वेळ मिळाला. जोड्यांवर नव्या एक्स्टेन्शनची चिठ्ठी, रजिस्टरमध्ये टॅग क्रमांक. दोन जोड्यांत पाणी शिरून खरखर होती, त्या राखीव जोडीवर घेतल्या.

सोमवार, १७ मार्च २०२५

कोणी उचलले नाही तर काय? रिसेप्शन होते तेव्हा हा प्रश्न नव्हता, "साहेब जागेवर नाहीत" म्हणायला माणूस होता. डीआयडीने तो माणूस मधून काढला, म्हणून त्याचे काम तक्त्यात लिहावे लागते. हे न लिहिता डीआयडी सुरू केले तर ग्राहकाला आधीपेक्षा वाईट सेवा मिळते: फोन वाजतो, वाजतो आणि बंद पडतो.

नियम: २० सेकंद वाजून उचलला नाही किंवा एंगेज असेल तर विभागाचा सामाईक नंबर. तिथेही २० सेकंद, मग रिसेप्शन. संध्याकाळी सहानंतर थेट सूचना, तीत गेटचा नंबर. वळवलेला कॉल पुन्हा मूळ टेबलावर वळू नये म्हणून दोन उड्यांची मर्यादा.

मोबाइलवर वळवणे फक्त सेवा विभागाला. असा प्रत्येक कॉल दोन चॅनेल धरून बसतो, एक येणारा आणि एक जाणारा. शिवाय मोबाइलवर मूळ ग्राहकाचा नंबर न दिसता ५००० दिसतो, कारण ब्लॉकबाहेरचा नंबर सेवा कंपनी पुढे जाऊ देत नाही. हे सेवा अभियंत्यांना आधीच सांगितले, म्हणजे ते ऑफिसचा फोन समजून टाळणार नाहीत.

बाहेरून फोन करून पिन टाकून पुन्हा बाहेरची लाईन मिळवण्याची सोय, जिला डिसा म्हणतात, पूर्ण बंद. आयएसडी सर्व एक्स्टेन्शनवर बंद, निर्यात विभागाची दोन सोडून. व्हॉइसमेलचे मूळ पासवर्ड बदलले. शंभर नंबर बाहेरून उघडे असतात तेव्हा कोणीतरी ते एकेक करून चाचपतोच, आणि शनिवारी रात्री सुरू झालेली चोरी सोमवारी बिलात दिसते.

गुरुवार, २० मार्च २०२५

बदलाचा दिवस. साप्ताहिक सुट्टीचा गुरुवार निवडला. पुढचा आठवडा खाते विभागाच्या वर्षअखेरीचा, त्यात फोनला हात लावू दिला नसता, आणि ते बरोबरच आहे.

क्रम असा. जुन्या सेटिंगची प्रत पेन ड्राइव्हवर आणि छापील. नवा तक्ता चढवला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, कारण काही सेटिंग चालू यंत्रावर दिसतात पण जतन झालेली नसतात. मग दिलेले सगळे नंबर एकेक करून बाहेरून फिरवले: एक माणूस मोबाइलवर, एक विभागांतून फिरत, वाजलेला फोन आणि यादी जुळवत. ५०४६ आणि ५०६४ अदलाबदल झालेले सापडले, तक्त्यात नव्हे तर क्रोनवर.

मग तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून, दुसऱ्या कंपनीच्या लँडलाईनवरून, दुसऱ्या एसटीडी कोडमधून आणि परदेशातल्या एका ग्राहकाकडून +९१ २० लावून. एका मोबाइल कंपनीवरून ब्लॉकमधला एकही नंबर लागला नाही, बाकी सर्वांवरून लागले. आपल्या ट्रेसमध्ये तो कॉल येतच नव्हता, म्हणजे दोष आपल्याकडे नाही. नवा ब्लॉक त्या कंपनीच्या एक्सचेंजमध्ये उघडलेला नव्हता. तक्रार आपल्या सेवा कंपनीकडेच करायची, ती पुढे नेते. सोबत कॉल करणाऱ्याचा नंबर, वेळ आणि फिरवलेले अंक द्यायचे. "कधीकधी लागत नाही" एवढ्यावर कोणी शोध घेत नाही.

जुन्या आठ लाईन तशाच ठेवल्या, त्या वाजल्या की रिसेप्शन.

मंगळवार, २५ मार्च २०२५

त्या मोबाइल कंपनीवरून कॉल येऊ लागले. तिन्ही मोबाइलवरून पुन्हा तपासले.

एक तक्रार: ५०२७ वर बँकेच्या फोन मेनूत अंक दाबले तर पुढे जात नाही. तो टोन न पाठवणारा जुना पल्सचा फोन निघाला. बदलला.

रिसेप्शनचे निरीक्षण: लोक अजून जुन्या नंबरवर येतात. म्हणून कॉल पुढे देण्याआधी एक वाक्य ठरवून दिले, "यांचा थेट नंबर लिहून घ्या". कार्डापेक्षा यानेच नंबर लवकर पसरतात.

बुधवार, २ एप्रिल २०२५

सर्वांत गर्दीच्या तासात एका वेळी जास्तीत जास्त १४ चॅनेल भरले. गणिताशी जुळते.

जुन्या आठ लाईनपैकी पाच बंद करण्याचा अर्ज तयार, अजून दिलेला नाही. आधी हे शोधायचे की जुना नंबर कुठेकुठे नोंदलेला आहे: बँक खाती, जीएसटी नोंदणी, वीजबिल, वाहतूकदारांची पावती पुस्तके, आगीच्या अलार्मचा ऑटोडायलर. ऑटोडायलर तर साध्या लाईनवरच राहील, पीआरआयवर नाही. फायबर तुटली तरी तो चालला पाहिजे. फॅक्स ५०८२ वर नीट चालतो, त्याची जुनी लाईन सोडता येईल.

सुरक्षा गेटवर एक साधा फोन तांब्याच्या जुन्या लाईनवर कायम. त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत, शिफ्टच्या फळ्यावर.

हस्तांतरात दिलेल्या वस्तू: नंबरांचा तक्ता, क्रोनचे रजिस्टर, सेटिंगची प्रत, सेवा कंपनीचा सर्किट क्रमांक आणि तक्रार नोंदवायची रीत. सर्किट क्रमांक मक्सवरही लिहून ठेवला, कारण तक्रारीच्या फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ५०९९ वर बाहेरून एक कॉल, ५०९३ वर एक आणि गेटवरून ११२ ची वाट फक्त ट्रेसमध्ये, कॉल न लावता. पहिली तपासणी ७ एप्रिलला.